टंच

विट्यात, मायणी रस्त्याच्या आत, तिसऱ्या गल्लीत
सर्जाआण्णा मेटकरी कॉटवर बसून वाट बघतात माझी.
शुक्रवारी, साडेदहाला.
मी टॅब उघडते. त्यावर पाच चेहरे:
हसरा, कमी हसरा, मधला,
आणि शेवटचे दोन असे की आण्णा म्हणतात,
"ह्यो तर माझा व्याही."

गेल्या सात दिवसांत किती गोळ्या चुकल्या?
आण्णा शून्य दाबतात. परत दाबतात. तिसऱ्यांदा
टॅब ऐकतो. बोटाचं टोक गुळगुळीत,
तेजाबानं खाल्लेलं.
चाळीस वर्षं कोइमतूरच्या एका बोळात
लोकांची मोड गाळली त्यांनी.

मग मी डबी हातात घेते.
प्रेशरच्या गोळ्यांची, पांढरी. झाकणात चिप आहे.
उघडलं की वेळ लिहून ठेवते, बोलत नाही.
सोमवार, सात बारा.
मंगळवार, सात पाच.
बुधवार काही नाही.
गुरुवार काही नाही.
आज काही नाही.

सांगलीच्या ऑफिसात सर म्हणाले होते,
दोन आकडे जुळले नाहीत तर डबीचं खरं धरा,
डबी म्हणजे आपलं गोल्ड स्टँडर्ड.
दोनशे चौदा पेशंट, सहा महिने,
मग ठरेल, टॅबमधल्या प्रश्नांवर
विसंबायचं की नाही.

हे पेशंटला सांगायचं नसतं.
मी सांगितलं.

"गोल्ड?"
आण्णा हसले, खोकले, पुन्हा हसले.
"आगं, मंगळवारीच चार काढून घेतल्या की पुडीत.
एक तितंच खाल्ली. लेकीकडं जायचं हुतं खानापूरला.
जावयाच्या घरात ती लुकलुकणारी डबी
कुठं काढत बसू?"
बंडीच्या खिशातून निघाला गुलाबी कागद,
सराफाकडचा, चार घड्यांचा,
रिकामा.

"कसाचा दगड आधी पुसून घ्यावा, पोरी.
मागल्या गिऱ्हाइकाची रेघ ऱ्हायली त्याच्यावर
तर पुढच्याचं पितळ बी पिवळंधमक दिसतंय."

खरंच असेल. किंवा
कागद जुनाही असेल.
मला टंच काढता येत नाही.

चार घरं सोडून सुगंधा शिंत्रे.
तिची डबी रोज उघडते, साडेसहाला, तीस दिवस, एकही खाडा नाही.
टॅबवर शून्य. चेहरा सगळ्यात हसरा.
सगळं जुळतं. सरांना आवडेल अशी बाई.
मी पट्टा बांधला. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चार.
पुन्हा बांधला.
मग डबी ओढणीवर ओतली आणि मोजल्या:
तीसमधल्या सव्वीस.

सुगंधा दाराकडे बघत राहिली.
"झाकण उघडती मी रोज.
तुम्ही एवढ्या उन्हाचं येता, म्हणून."
आणि बऱ्याच वेळानं,
"ती गोळी खाल्ली की घंट्या-घंट्याला लघवीला लागती.
आमच्या मागाच्या शेडात बायकांना जागा न्हाई.
मालकाच्या बंगल्याम्होरनं जावं लागतं,
आन् माग थांबला की पगार कापत्यात."

यंत्रमागाची खडखड गल्लीच्या टोकापासून
तिच्या भांड्यांपर्यंत येत होती.

बसस्टँडवर बसून मी नोंदी भरल्या.
मेटकरी सर्जेराव: तफावत.
शिंत्रे सुगंधा: जुळते.
फॉर्मला हेच येतं.

आण्णा सांगायचे, वर्षातून एकदा झारेकरी यायचा,
भट्टीखालची राख, जमिनीची धूळ,
पाय पुसायचं तरटसुद्धा तोलून विकत न्यायचा.
आम्हाला कचरा, त्याला त्यात
पोराच्या लग्नापुरतं निघायचं.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना आहे, 'इतर'.
तो कुणी उघडत नाही.
मी उघडला, आणि लिहीत गेले:
गोळीनं लघवी लागते. मागाच्या शेडात बायकांना

इथं टॅबनं
पुढची अक्षरं घेणं थांबवलं.